पिवळी कलेजी

मेलेली कोंबडी न उघडता पुरणं बिबियाना मारालितला कधी जमलंच नाही. मनिलाच्या दक्षिणेला, सान होसेच्या त्या भागात घरोघरी अंड्यांच्या कोंबड्या. एखादी मेली की बाकीच्या बाया तिला पायाला धरून उचलायच्या आणि नारळाखाली खड्डा करून मोकळ्या व्हायच्या. बियांग, म्हणजे बिबियानाच, कारण पाद्री सोडून तिला पूर्ण नावानं कुणी हाक मारत नसे, ती मात्र केळीच्या पानावर कोंबडीला उताणी निजवायची, खास त्याच कामाची सुरी काढायची आणि मांडी ठोकून बसायची.

"मेली ती मेली," तिचा नवरा मेस्यो ओसरीवरून ओरडायचा. "आता तिची जबानी घेऊन काय करणार आहेस?"

"कशानं मेली ते नको कळायला?"

"तिला कळलं ना? पुरे झालं."

मेस्यो म्हणजे पोटाचा नगारा आणि हसण्याचा गडगडाट. बियांग अगदी उलट. काटकुळी, गालफडं बसलेली, बाजारात दोघं बरोबर चालली की लोक म्हणायचे, हिच्या वाटणीचंही हाच खातो. तिची चौकशीची खोड लहानपणापासूनची. शाळा सहावीतच सुटली, पण प्रश्न काही सुटले नाहीत. घड्याळाचा काटा एकाच बाजूला का फिरतो, उकडलेलं अंडं पुन्हा पातळ का होत नाही, असलं काहीबाही विचारून ती समोरच्याला भंडावून सोडायची. उत्तर मिळालं नाही तर रुसायची नाही; प्रश्न बाजूला ठेवून द्यायची, पुढेमागे कामी येईल म्हणून.

त्या वर्षी उन्हाळा असा तापला की कॉफीची पानं दुपारी गळपटून लोंबायची. खुराड्यांवर ओली पोती टाकून बियांग थकली. तशात कोंबड्या मरू लागल्या. त्याही कुठल्या, तर सगळ्यांत चांगल्या. तुकतुकीत, भरलेल्या, एक दिवस अंडं न चुकवणाऱ्या. सकाळी अंडं घातलेलं असायचं, दुपारी बघावं तर तुरा पांढराफटक आणि कोंबडी आडवी. अंडी देण्यात कुचराई करणाऱ्या, हाडं वर आलेल्या कोंबड्या मात्र टुणटुणीत.

बियांगनं पहिली उघडली आणि ती बघतच राहिली. पोटात रक्ताची गुठळी. आणि कलेजी, जी मातकट लाल असायची, ती पिवळी. लोण्यासारखी पिवळी. बोट लावलं तर भुसभुशीत, दाबलं तर तुटलीच. सुरी धुतली तरी तिच्यावरचा तवंग जाईना. दुसरी उघडली, तीही तशीच. तिसरीचंही तेच.

शेजारची चोलेंग कुंपणावरून वाकून बघत होती. तिच्याही कोंबड्या मरत होत्या. "दृष्ट लागली गं बाई कुणाची तरी. चांगल्या चांगल्याच उचलल्यान."

"दृष्टीनं चरबी चढते होय, चोलेंगबाई?"

"तुला सगळ्यातच शंका. देवाला तरी सोड."

बियांगला मरणापेक्षा ती चरबीच जास्त छळत होती. तिनं कोंबड्यांना तेलाचा थेंब कधी घातला नव्हता. मका, कोंडा, शिंपल्यांचा चुरा, पाणी. मग ही एवढी चरबी आली कुठून?

सहकारी संघाची जनावरांची डॉक्टर क्लारिता दुसऱ्या दिवशी फटफटीवरून आली. लागुनाकडची पोर, अंगानं लहानखुरी, पण कोंबडी हातात धरली की कोंबडीही गप्प बसायची. तिनं पानावरची कलेजी बघितली, वास घेतला, मान हलवली.

"साथ नाही, घाबरू नका. कलेजीत चरबी साठली, ती नाजूक झाली आणि फुटली. अंडं घालताना जोर लावतात ना, तेवढाही सोसत नाही."

"ते दिसलं मला, डॉक. पण चरबी कुठली? मी चरबी घालतच नाही."

"मक्याची."

"मक्यात एवढी चरबी?"

"मक्यात नाही हो. मक्यातल्या पिठाची पोटात साखर होते, आणि त्या साखरेची चरबी करते ती कलेजी. तिचं कामच ते. बरं मला सांगा, अंड्यातला बलक कुठं तयार होतो?"

बियांगचा अख्खा जन्म अंड्यांत गेला होता. अंड्यावर घर उभं राहिलं होतं. आणि बलक कुठून येतो हा प्रश्न तिला, एवढ्या चौकस बाईला, एकदाही पडला नव्हता.

"अंड्यातच होत असेल," ती चाचरत म्हणाली.

"कलेजीत होतो. तिथून रक्तातून वाहत जातो आणि अंड्यात भरला जातो. तुमची प्रत्येक कोंबडी रोज एका बलकाची चरबी बनवते, ती कलेजीत."

बियांगला ते इतकं आवडलं की मेलेल्या कोंबड्यांचं दुःख घटकाभर विसरायला झालं. तिनं डॉक्टरला बसायला फळी दिली, कॉफी आणली, आणि पुढचा प्रश्न टाकला. "पण कलेजीला सांगतं कोण? आता चरबी कर, आता पुरे, हे?"

क्लारिता हसली. हा प्रश्न तिला परीक्षेत आला होता, खुराड्याशी कधी कुणी विचारला नव्हता.

"प्रथिनं सांगतात. प्रोटीन."

"ते दुधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं ते?"

"डब्यावर एकच नाव लिहितात, पण अंगात ती हजारो तऱ्हांची असतात. काहींचं मांस होतं, काही कामगार असतात, काही हमाल. आणि काही मुकादम. कलेजीत चरबीचा एक मुकादम आहे. एरवी तो बांधून घातलेला असतो, कोपऱ्यात, दाव्याला. कोंबडी अंड्यावर आली की तिच्या अंगातून निरोप सुटतो. निरोप आला की मुकादमाचं दावं कापतात. तो तडक पेशीच्या मधल्या खोलीत जातो, जिथं सगळ्या कामांचे नकाशे ठेवलेत, आणि चरबीचे नकाशे उघडून ओरडतो, चला, लागा कामाला! की कामगार जुंपलेच."

"आणि थांबवतं कोण?"

"निरोप थांबला की तो थांबतो. पण तुमच्या चांगल्या कोंबड्यांचा निरोप थांबतच नाही, रोजच अंडं. वर मका भरपूर. पिंजऱ्यात हालचाल नाही, उन्हानं जीव हैराण. माल वाहून नेणारे हमालही प्रथिनंच, ते पडतात कमी. गोदाम भरतं. मग फुटतं."

"म्हणजे जी जास्त राबते तीच मरते."

"राबते म्हणून नाही. राबते, बसून खाते, आणि केलेला माल बाहेर जात नाही, म्हणून."

मेस्यो ओसरीवर बसून ऐकत होता. "बसून खातो म्हणे! ऐकलंस का, बियांग? मला म्हणतेय ती." आणि स्वतःच गडगडाटी हसला.

मका कमी झाला, कोंडा आणि पाला वाढला, हमालांना बळ यावं म्हणून डॉक्टरनं एक पावडर दिली. मरणं हळूहळू थांबली. चोलेंगला बियांगनं सगळं समजावलं, पण चोलेंगचं म्हणणं, मका कमी केला तर अंडी कमी होतील. त्यापेक्षा पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून घेऊ. तिनं शिंपडून घेतलंही.

पावसाळ्याच्या तोंडाला संघानं सभासदांसाठी तपासणीचं शिबिर ठेवलं. गावच्या बास्केटबॉलच्या मैदानावरच्या छताखाली, एका टोकाला दात, एका टोकाला डोळे, आणि मधे पडदा लावून पोटाची सोनोग्राफी. रांगेत सगळ्यांची नजर मेस्योवर. याच्या पोटात काय काय सापडतं ते बघायला लोक घरी जाईनात. कुणी म्हणालं, गेल्या जत्रेतलं आख्खं डुक्कर सापडेल.

मेस्यो पडद्याआडून आला तो हात उंचावत. "किंचित! डॉक्टर म्हणाले, लिव्हरवर चरबी अगदी किंचित! डुक्कर पचलं!"

मग बियांग गेली. तिला बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चिठ्ठी होती आणि चेहऱ्यावर गोंधळ. "माझ्या लिव्हरवर बरीच चरबी आहे म्हणे. मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणाले."

ही काडी? मग चोलेंगनं रांगेतूनच टोला हाणला. "अगं बियांग, कपाटात काय लपवलंयस? एकटीच ढोसतेस होय? आम्हालाही घोटभर दे की!"

सगळं छत हसलं. मेस्योही हसला, आणि बायकोकडे बघून चटकन थांबला.

बियांग हसली नव्हती. ती चिठ्ठीची घडी करत राहिली, मग उलगडत राहिली, मग नीट चालत घरी गेली.

चोलेंग मनानं वाईट नव्हती. ती फक्त विसरली होती. बियांगची आई बास्या, मुलांची इनाय, पोट फुगून आणि डोळे पिवळे होऊन गेली होती. बास्या चर्चच्या आवारात चिकट भाताच्या वड्या विकायची, नारळाच्या दुधात आणि गुळात शिजवलेल्या. उरलेल्या वड्या हाच तिचा रात्रीचा घास, आणि सकाळी भातावर गोडमिट्ट कॉफी ओतून खायची, सगळा गाव खातो तशी. शेवटच्या दुखण्यात तालुक्याच्या डॉक्टरानं खाटेशी उभं राहून, दारात गर्दी असताना, विचारलं होतं, "या दारू पितात का?" नुसतं विचारलं होतं. उत्तर कुणी ऐकलं नाही. प्रश्नच दाराबाहेर गेला, गल्लीतून फिरला आणि परत आला तेव्हा त्याचं उत्तर झालेलं होतं. वडीवाली बास्या चोरून लांबानोग, ती नारळाची दारू, पिते. विधवा बाई, एकटी राहते, कोण बघतंय!

थोरला भाऊ डोरो तेव्हा विशीतला, तापट. त्यानं घर उलथंपालथं केलं होतं बाटलीसाठी. बियांग तेव्हा लहान होती, दाराआड उभी राहून बघत होती. बाटली मिळाली नाही. त्यावरून डोरोनं काढलेला अर्थ असा, की आईनं ती फारच हुशारीनं लपवली आहे. आई गेली. डोरोनं पुढं आयुष्यात दारूला बोट लावलं नाही, आणि आईचं नावही क्वचितच घेतलं. बियांगनं या गोष्टीबद्दल कधीच कुणाला काही विचारलं नव्हतं. जगातल्या सगळ्या गोष्टी विचारल्या, हीच तेवढी नाही.

मोठा डॉक्टर म्हणजे अबादिया. लिपा शहरात त्याचा दवाखाना, माणूस मध्यमवयीन, हळू बोलणारा. त्यानं चिठ्ठी वाचली, तिच्याकडे बघितलं आणि विचारायचं तेच विचारलं. "दारू घेता का?"

"नाही," बियांग म्हणाली. "आणि माझी आईही घेत नव्हती."

हे वाक्य तोंडून गेलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. कारण हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं ते आत्ताच ठरवलं होतं.

डॉक्टरनं आईबद्दल विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं रक्त तपासायला घेतलं, कावीळ पसरवणारा विषाणू आहे का बघितलं, औषधं कोणती घेते विचारलं, पुन्हा यायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला रक्तात तसलं काही निघालं नव्हतं. उरली ती चरबीच.

"काय खाता?"

"मासळी, भात. तेलकट मला सोसत नाही, डॉक. आमच्या घरी डुक्कर नवरा खातो."

"भात किती?"

"भात तो भात. किती म्हणजे?"

"कॉफी?"

"भातावर. आणि मधेमधे."

"साखर?"

बियांगनं बोटांनी चमचा उभा राहील अशी खूण केली. मग खुराड्यात काम करताना थंड सरबताची बाटली, मग आईच्या पद्धतीच्या वड्या, त्या तर ती अजून रविवारी करायचीच. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. आपण काय सांगतोय ते तिला ऐकू येऊ लागलं होतं.

"मका," ती म्हणाली.

"काय?"

"मी पण मकाच खातेय. डॉक, माणसाच्या लिव्हरातही तो मुकादम असतो का? दाव्याला बांधलेला?"

अबादियानं पेन खाली ठेवलं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोंबड्यांच्या डॉक्टरनं."

"चांगली डॉक्टर दिसते." त्यानं खुर्ची पुढं ओढली. "असतो. जवळजवळ तोच. फक्त आपल्याकडे निरोप अंड्याचा नसतो, इन्शुलिनचा असतो. गोड खाल्लं, भात खाल्ला, इन्शुलिन वाढलं की त्याचं दावं तुटलं. आणि आणखी एक मुकादम आहे, त्याला निरोपसुद्धा लागत नाही. साखर आत आली की तिच्या वासानंच उठतो. दोघं मिळून लिव्हरला चरबी करायला लावतात. त्यामुळं तेलाचा थेंब न खाणाऱ्याच्याही लिव्हरवर चरबी चढते."

"मग मेस्योच्या का नाही? तो माझ्या दुप्पट भात खातो. वर डुक्कर, वर दारू."

"त्यानं फुशारकी मारू नये, त्याचीही पाळी येईल. पण प्रश्न बरोबर आहे." तो जरा थांबला. "चरबीचे थेंब साठतात ना पेशीत, त्यांच्यावर एक तिसरं प्रथिन बसलेलं असतं. राखणदार म्हणा. काही घराण्यांत हा राखणदार जन्मतःच किंचित वेगळा घडलेला असतो. एकच बारीकसा फरक. पण होतं काय, की तो थेंबावरून उठतच नाही. त्याच्यासारखेच आणखी येऊन बसतात. चरबी फोडून बाहेर काढणारे येतात, त्यांना हात घालायला जागा मिळत नाही. अशा माणसाच्या लिव्हरात थोडी चरबी झाली तरी ती राहते. माणूस बारीक असला तरी. आपल्या बेटांवर असे लोक पुष्कळ आहेत."

"मी त्यातली?"

"असाल. नक्की बघायचं तर वेगळी तपासणी मनिलाला पाठवावी लागते, आणि तिचं उत्तर काहीही आलं तरी तुम्हाला करायचं ते एकच. साखर बंद, भात निम्म्यावर, आणि चालणं."

बियांगला दुसरंच विचारायचं होतं. तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. "आणि माझी आई?"

"गेलेल्या माणसाचं मी काही सांगू शकत नाही. विषाणूही असू शकतो, तेव्हा तर तो कुणी तपासतही नसे. पण एवढं सांगतो. थेंबही न घेतलेली बाई अशी जाऊ शकते. मी स्वतः पाहिल्यात."

घरी येताना जीपनीत, त्या लांबड्या जीपगाडीत, मेस्यो शेजारी बसला होता. मेस्योनं दोनदा विचारलं, काय म्हणाला? तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "कोंडा खा म्हणाला."

पहिल्या दिवशी बिनसाखरेची कॉफी तोंडात घेतली तेव्हा तिला वाटलं आपण खुराड्याचं पाणी पितोय. भात कमी केल्यावर रात्री पोटात कावळे ओरडायचे. मेस्यो तिच्या ताटात भाजीपाला बघून म्हणायचा, "थांब, शिंपल्यांचा चुरा पण आणतो." पण त्यानंही आपल्या कपात साखर टाकणं सोडलं, न सांगता, आणि तिनंही ते बघितल्याचं दाखवलं नाही. सकाळी अंड्यांच्या टोपल्या ती आता गाडीत न टाकता थोड्या थोड्या करून स्वतः नेऊ लागली, चालणं व्हावं म्हणून.

मग एका रविवारी ती ताल गावाला गेली, डोरोकडे. डोरो सुऱ्या बनवायचा, मुठीत मिटणाऱ्या, त्या गावात बनतात तशा. घरात लोखंडाचा वास, कानशीचा आवाज. भाऊ म्हातारा दिसत होता.

तिनं सगळं सांगितलं. मका, मुकादम, राखणदार. डोरो ऐकता ऐकता पातं घासत राहिला.

"कोंबड्यांनी सांगितलं तुला हे?"

"डॉक्टरनं सांगितलं, कुया. लिपाच्या." थोरल्या भावाला ती कुयाच म्हणायची.

"त्यानं इनायला बघितलं होतं?"

"नाही."

"मग?"

"तू तरी बाटली बघितली होतीस?"

कानस थांबली. "लपवली होती तिनं."

"कुठं? दोन खोल्यांचं घर आपलं. कुठं लपवली?"

डोरो उठला आणि आतल्या खोलीत निघून गेला. वहिनीनं जेवायला थांब म्हटलं, पण बियांग थांबली नाही.

बरेच दिवस काही निरोप नाही. आणि मग एका सकाळी बियांग पाला चिरत असताना डोरो फाटकात उभा. हातात टोपी, दाढी वाढलेली.

"दाखव," तो म्हणाला.

"काय दाखवू?"

"ती कलेजी. म्हणतेस ती. बघू दे मला."

बियांगची पंचाईत झाली. तिच्या कोंबड्या आता मरत नव्हत्या. "मरेनात रे कुया आता. काय करू?"

मेस्यो म्हणाला, "एक कापतो," पण चांगली कोंबडी कापली तर कलेजी लालच निघायची. शेवटी तिघं चोलेंगच्या अंगणात गेली. चोलेंगकडे रोजचंच होतं. त्या सकाळचीही एक नारळाखाली पडली होती, पुरायची.

"घेऊन जा की," चोलेंग म्हणाली. मग डोरोला ओळखून तिचा चेहरा बदलला. "अगंबाई. डोरो ना तू? बास्याचा?"

डोरो कोंबडीकडेच बघत होता. तो उकिडवा बसला. बियांगनं पान पसरलं, कोंबडी उताणी केली आणि तिच्या रोजच्या सवयीनं, हळू हातानं, उघडली. कलेजी पिवळीधमक होती. एका कडेला फाटलेली. डोरोनं बोट पुढं केलं, टेकवलं, मागं घेतलं. बोटाला तवंग लागला होता. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"ही काय प्यायची?" त्यानं विचारलं.

"पाणी. दुसरं काय पिणार कोंबडी?" चोलेंग म्हणाली.

"पाणी," डोरो म्हणाला.

मग तो तिथंच मातीत बसला. मेस्योला वाटलं चक्कर आली, तो पुढं झाला, पण बियांगनं हातानं थांबवलं. डोरो बोलू लागला ते कुणाकडेही न बघता.

"मी सगळं उपसलं होतं. चटया, कपाट, जळण. ती खाटेवरून बघत होती. उठता येत नव्हतं तिला. मी दमून बसलो तर म्हणाली, डोरो, तांदळाच्या पिंपात राहिलं बघायचं. तेही बघून घे बाळा, म्हणजे तुझ्या मनात राहायला नको." त्यानं तोंड पुसलं. "मला वाटलं चिडवतेय. मी तेही ओतलं. सगळा तांदूळ जमिनीवर."

चोलेंग कोपऱ्यात उभी राहून झग्याची कड चुरगळत होती. मग ती आत गेली, पाणी आणलं, डोरोच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "आमची आई पण म्हणायची रे. सगळेच म्हणायचे. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर..." बियांगकडे वळून ती एवढंच म्हणाली, "त्या मुलीला बोलाव. फटफटीवालीला. माझ्या कोंबड्या बघायला सांग."

बियांग भावाला अबादियाकडे घेऊन गेली, तो नको नको म्हणत असताना. पोटावर यंत्र फिरलं. डोरोच्या लिव्हरवरही चरबी होती, बहिणीपेक्षा जास्त, आणि लिव्हर जरा कडकही व्हायला लागलं होतं. डॉक्टरनं नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा डोरो इतक्या विचित्र आवाजात हसला की परिचारिका आत डोकावली.

"नाही, डॉक," तो म्हणाला. "आमच्या घरात कुणीच पीत नाही. कधीच नाही."

"मग घराण्यातच आहे असं दिसतं," अबादिया म्हणाला. "वेळेत आलात. अजून मागं फिरता येईल."

वर्ष सरत आलं. बियांगची दुसरी तपासणी झाली. चरबी उतरली होती, गेली नव्हती. अबादिया म्हणाला, राखणदार बदलता येत नाही, मुकादमांना मात्र झोपवता येतं, चालू ठेवा. डोरोचं सावकाश होतं. गोड सोडणं त्याला जड जात होतं, आणि बायको पिंपावर बसून तांदूळ मोजते अशी त्याची तक्रार होती.

मृतांच्या दिवशी सगळे बास्याच्या थडग्याशी जमले. मामे-मावस भावंडं, पोरंटोरं, मेणबत्त्या, डबे. थडगं धुऊन पांढरं केलेलं. गर्दीत मावशीनं नेहमीसारखा सुस्कारा टाकला, "बिचारी. व्यसनानं खाल्लं तिला."

डोरो उभा राहिला. तो काही बोलका माणूस नव्हता, आणि काय बोलायचं ते त्यानं ठरवून आणलं असेल असंही वाटलं नाही. शेजारच्या थडग्याशी बसलेल्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "माझी आई दारू पीत नव्हती. मी घर शोधलं होतं. घरात काही नव्हतं." आणि खाली बसला.

मावशीनं बियांगकडे बघितलं. बियांगनं मान डोलावली. एवढंच झालं. मग कुणीतरी डबा उघडला, पोरं मेणाचे गोळे करायला लागली, मेस्योनं कुणाच्या तरी डब्यातलं डुकराचं मांस उचललं आणि बायकोची नजर बघून निम्मं परत ठेवलं.

संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली तेव्हा डोक्यावरून बदकांची एक माळ सरोवराकडे गेली. उत्तरेकडची बदकं, थंडीला येणारी. बियांगनं मान वर केली. क्लारितानं मागं एकदा सांगितलं होतं, लांब उडणारे पक्षी निघण्याआधी अंगात भरपूर चरबी करून घेतात, काही तर कलेजीतसुद्धा, आणि पोचेपर्यंत सगळी जाळून टाकतात. त्यांना काही होत नाही.

"कुया," ती डोरोच्या कानाशी कुजबुजली, "त्यांच्या मुकादमाला निरोप कोण देत असेल रे? थंडी? की दिवस लहान झाला म्हणून?"

"बियांग," डोरो डोळे न उघडता म्हणाला, "आधी प्रार्थना तरी संपू दे."

तिनं हात जोडले. पण बदकं दिसेनाशी होईपर्यंत तिनं मान खाली केली नाही.